अंगणातील अरोकेरिया : लागवड व संगोपन

जूनचा पहिला पाऊस पडून गेला की गावोगावच्या शाळा, पंचायती, सहकारी गृहरचना संस्था आणि शासकीय कार्यालये यांच्या आवारांत खड्डे घेण्याची लगबग सुरू होते. १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केलेला वनमहोत्सव आता सर्वांच्या परिचयाचा झाला असून, जुलैचा पहिला आठवडा हा झाडे लावण्याचा आठवडा होय, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या दिवसांत रोपवाटिकेत जाणाऱ्या माणसाचे लक्ष एक रोप हटकून वेधून घेते. सरळसोट मधली काडी, तिच्याभोवती ठरावीक अंतराने मजल्यामजल्यांनी पसरलेल्या चार-पाच आडव्या फांद्या आणि त्यांवर मऊ, हिरवीगार सुयांसारखी पाने. रोपवाटिकेत त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात; वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव अरोकेरिया.

देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या काठी वसलेले चिखली हे हवेली तालुक्यातील गाव टाळगाव चिखली या नावानेही ओळखले जाते. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. तेव्हापासून येथील शेतजमिनींवर कारखाने, गुदामे, घरकुल योजनेच्या इमारती आणि नवनव्या गृहसंस्था उभ्या राहिल्या आहेत. इमारत पुरी झाली की तिच्या दर्शनी भागी काहीतरी डौलदार आणि बारमाही हिरवे असावे, अशी इच्छा होते व ती स्वाभाविकही आहे. चाकण, तळवडे, मोशी या संपूर्ण औद्योगिक पट्ट्यात हेच घडत आहे. अशा वेळी कुंडीतले दोन फुटी अरोकेरियाचे रोप प्रवेशद्वाराजवळच्या चिंचोळ्या पट्टीत लावले जाते. मात्र जे रोप आज दोन फुटांचे आहे, ते उत्तम जगल्यास पंचवीस-तीस वर्षांत साठ फुटांच्या घरात जाते, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानी नसते. त्यामुळे हे झाड लावण्यापूर्वी त्याचे मूळ, त्याचा स्वभाव आणि त्याच्या गरजा समजून घेणे अगत्याचे आहे.

सूचिपर्णी वृक्षांचे कुळ

अरोकेरिया हा सूचिपर्णी वृक्षांच्या गटातील आहे. देवदार, चीड, सुरूचे खरे भाऊबंद समजले जाणारे सायप्रस हे सर्व याच गटात मोडतात. या वृक्षांना आंबा किंवा चिंचेप्रमाणे फुले व फळे येत नाहीत. त्यांचे बी फळात झाकलेले नसून शंकूच्या आकाराच्या बोंडातील खवल्यांवर उघडे असते. म्हणून शास्त्रात त्यांना अनावृतबीजी वनस्पती असे म्हणतात. त्यांची पाने अरुंद, चिवट व मेणचट आवरणाची असल्याने त्यांतून पाण्याचा ऱ्हास कमी होतो. बहुतेक जाती एकाच ऋतूत सर्व पाने गाळीत नसल्याने बारमाही हिरव्या दिसतात.

येथे एक गैरसमज दूर करणे योग्य होईल. कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची जी बने आहेत, त्यांतील सुरू दिसावयास सूचिपर्णी असला तरी तो या गटातील नव्हे. सुरूला फुले येतात आणि ज्यांना आपण त्याची पाने समजतो त्या वस्तुतः बारीक हिरव्या डहाळ्या असून खरी पाने त्यांच्या सांध्यांवरील सूक्ष्म खवल्यांच्या रूपात असतात. उलटपक्षी, ज्याची चपटी, पंखासारखी डहाळी शाळकरी मुले 'विद्या' म्हणून पुस्तकात जपून ठेवतात ती मोरपंखी मात्र खरी सूचिपर्णी गटातील आहे. शिक्षकांनी या दोन्ही डहाळ्या वर्गात शेजारीशेजारी ठेवून दाखविल्यास हा फरक मुलांच्या चटकन लक्षात येईल.

महाराष्ट्राच्या जंगलांत सूचिपर्णी वृक्ष निसर्गतः आढळत नाहीत. दक्षिण भारताच्या द्वीपकल्पात मूळचा असा एकच सूचिपर्णी वृक्ष असून तो केरळ व तामिळनाडूकडील सह्याद्रीच्या दमट अरण्यांत वाढतो. आपल्याकडील सामान्य माणसाची या वृक्षांशी ओळख होते ती देवदारी खोक्यांच्या रूपाने. औद्योगिक पट्ट्यात यंत्रसामग्रीच्या वेष्टनासाठी जे फिकट, हलके, गाठाळ लाकूड वापरले जाते ते बहुधा पाईन वा तत्सम झाडांचेच असते. हिमालयातील देवदार आपल्या अंगणात लावून पाहण्याची हौस काहींना होते; परंतु त्या झाडाला हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते. पठारावरील एप्रिल-मे महिन्यांतील चाळीस अंशांचा उन्हाळा त्याला मानवत नाही आणि काही वर्षांत ते खुरटते.

दोन भावंडे, एक नाव

मग अरोकेरिया आपल्याकडे कसा तग धरतो? याचे उत्तर त्याच्या मूळ देशात आहे. ज्याला आपण सरसकट ख्रिसमस ट्री म्हणतो, त्या नावाखाली प्रामुख्याने दोन भिन्न जाती विकल्या जातात. पहिली नॉरफोक पाईन. ही प्रशांत महासागरातील अवघ्या ३५ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या नॉरफोक बेटावरची असून त्या बेटाच्या ध्वजावरही तिचेच चित्र आहे. दुसरी कुक पाईन. ती नॉरफोकच्या वायव्येस असलेल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची होय. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याने १७७४ साली आपल्या दुसऱ्या जलप्रवासात ही दोन्ही बेटे पाहिली. ती उंच, सरळ झाडे पाहून गलबतांच्या डोलकाठ्यांची सोय झाली असे त्याला वाटले. परंतु पुढे नॉरफोकवर वसाहत झाल्यावर तेथील लाकूड डोलकाठीच्या कामी ठिसूळ ठरले. शोभेचे झाड म्हणून मात्र या दोन्ही जाती उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत जगभर पसरल्या. आपल्या देशात बंगळूरच्या लालबागेतील उंच अरोकेरिया प्रसिद्ध आहेत.

न्यू कॅलेडोनिया बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेस साधारणतः २० ते २३ अंशांवर आहेत. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारणतः १६ ते २२ अंशांवर आहे. म्हणजे विषुववृत्तापासूनचे अंतर जवळपास सारखेच. म्हणूनच हिमालयातला देवदार जेथे हार मानतो, तेथे हजारो मैल दूरचा कुक पाईन मात्र जम बसवू शकतो. तथापि, मूळ बेटांवर वर्षभर समुद्राची दमट हवा असते, तर आपल्या पठारावर सुमारे आठ महिने कोरडे जातात. पुण्याच्या आसपास वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पावसापैकी बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. संगोपनाचे पुढील बहुतेक नियम या एका फरकातून निघालेले आहेत.

दोन्ही जाती लहानपणी इतक्या सारख्या दिसतात की रोपवाटिकेतही त्यांची गल्लत होते. मोठेपणी मात्र फरक स्पष्ट होतो. नॉरफोक पाईनच्या फांद्या लांब व मजल्यांमधील अंतर मोकळे असते, त्यामुळे झाड रुंद बुडाच्या मनोऱ्यासारखे दिसते. कुक पाईन अरुंद, दाट आणि खांबासारखा वाढतो. भारतातील शहरांत नॉरफोक पाईन म्हणून दाखविली जाणारी पुष्कळशी मोठी झाडे वास्तविक कुक पाईन असतात. त्याची आणखी एक गंमत आहे. हे झाड सरळ न वाढता किंचित कलते आणि हा कल नेहमी विषुववृत्ताच्या दिशेने असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतील २५६ झाडे मोजण्यात आली, तेव्हा सरासरी कल सुमारे साडेआठ अंश आढळला. उत्तर गोलार्धातील झाडे दक्षिणेकडे, तर दक्षिण गोलार्धातील उत्तरेकडे झुकलेली होती. महाराष्ट्रात लावलेला कुक पाईन दक्षिणेकडे कलला तर ते झाड पडावयास आले आहे असे समजून घाबरण्याचे कारण नाही. मात्र झाडाच्या दक्षिणेस इमारत, विजेची तार वा पाण्याची टाकी नसावी, हा बोध त्यातून अवश्य घ्यावा. हा कल हळूहळू व लहानपणापासून येतो. झाड एकाएकी कलले, बुडाशी माती उचलली गेली किंवा जमिनीला भेग पडली, तर तो धोक्याचा इशारा समजून तज्ज्ञांस पाचारण करावे.

जागेची निवड

या झाडाच्या संगोपनाचा निम्म्याहून अधिक भाग जागा निवडतानाच पुरा होतो. जागा चुकली तर पुढील कोणतीही निगा ती चूक भरून काढू शकत नाही. जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

झाड इमारतीच्या भिंतीपासून किमान २० ते २५ फूट दूर असावे. नॉरफोक पाईनसाठी याहून अधिक अंतर ठेवणे चांगले. डोक्यावर विजेची तार नसावी. जमिनीखालून जाणारी जलवाहिनी, सांडपाण्याची वाहिनी व भूमिगत तारा कोठून जातात, याची नकाशावरून खात्री करून घ्यावी. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळावे. एका बाजूला कायमची सावली असल्यास त्या बाजूच्या फांद्या विरळ होतात आणि झाडाचा तोल व डौल बिघडतो. मुलांच्या खेळाच्या मैदानाच्या मध्यभागी, ध्वजस्तंभाशेजारी वा वाहने उभी करण्याच्या जागेत हे झाड लावू नये, कारण जुन्या झाडाच्या वाळक्या फांद्या उंचावरून गळून पडतात. उघड्या माळावर एकटे उभे असलेले उंच झाड विजेला आमंत्रण देते, हेही ध्यानात ठेवावे.

या कसोट्यांना उतरणारी जागा आवारात नसेल, तर अरोकेरियाचा मोह सोडावा. लहान जागेसाठी मोरपंखी किंवा जुनिपरच्या ठेंगण्या जाती सूचिपर्णी वृक्षाची हौस पुरवू शकतात.

चिखल हा खरा शत्रू

चिखली या गावाच्या नावातच चिखल आहे आणि अरोकेरियाचा सर्वांत मोठा शत्रूही चिखलच. हे झाड काही प्रमाणात कोरडेपणा सोसते, खारा वाराही सोसते. म्हणूनच कोकण किनाऱ्यावरील बागांतही ते लावता येते. मात्र मुळांशी तुंबलेले पाणी त्याला सोसत नाही. पाणी तुंबले की मातीतील हवा संपते, मुळांचा श्वास कोंडतो आणि ओलीत वाढणाऱ्या बुरशीमुळे मूळकूज सुरू होते. दुर्दैव असे की, त्याची लक्षणे वर दिसावयास कित्येक आठवडे लागतात. फांद्यांची टोके पिवळी पडू लागतात तेव्हा मालकास वाटते की पाणी कमी पडत आहे, आणि तो आणखी पाणी घालतो. या रीतीने पुष्कळ झाडे पाण्याअभावी न मरता मायेपोटी घातलेल्या पाण्याने मरतात.

दख्खनच्या पठारावर सर्वत्र आढळते तशी या परिसरातही जमीन थोड्या अंतरावर पालटते. नदीनाल्यांच्या काठी खोल, भारी, काळी माती. माळावर उथळ मुरमाड जमीन आणि तिच्याखाली काळा कातळ. नव्या वसाहतींत याखेरीज एक तिसरा प्रकार असतो, तो म्हणजे बांधकामाच्या राड्यारोड्याची भर. तिन्ही ठिकाणी वेगळी काळजी घ्यावी लागते.

सर्वप्रथम जागेची परीक्षा करावी. तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल खड्डा घ्यावा आणि तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पाणी जिरून गेले तर जागा योग्य. पाणी तसेच राहिले तर त्या जागी सपाटीवर लागवड करू नये. काळ्या भारी जमिनीत माती व मुरूम यांचा दीड फूट उंच व सहा ते आठ फूट रुंद उंचवटा करून त्यावर रोप लावावे, म्हणजे पावसाचे पाणी बाजूला वाहून जाते. खोदताना तीन फुटांच्या आत अखंड कातळ लागला, तर ती जागा सोडून द्यावी. उथळ मुळांवर उभे असलेले साठ फुटी झाड वळवाच्या वादळात उन्मळून पडण्याची भीती असते. राडारोडा असलेल्या जागी विटांचे तुकडे, सिमेंट व चुना पूर्णपणे काढून खड्डा चांगल्या मातीने भरावा. चुन्याच्या अंशामुळे माती विम्लधर्मी होते, झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात.

रोप कसे पारखावे

अरोकेरियाची एक विशेषता जाणून घेतल्यास रोप पारखणे सोपे जाते. त्याच्या शेंड्याचा आणि फांद्यांचा स्वभाव जन्मतः वेगळा असतो. शेंडा सदैव वर वाढतो, फांदी सदैव आडवी वाढते. शेंड्याचा छाट लावल्यास त्यापासून सरळ झाड तयार होते. परंतु बाजूच्या फांदीचा छाट लावला, तर त्याला मुळे फुटूनही तो आयुष्यभर जमिनीलगत आडवाच वाढतो. त्याचे उभे झाड होत नाही. गुलाब, जास्वंद वा वडाच्या फांदीचा अनुभव येथे लागू पडत नाही. म्हणून बियांपासून तयार केलेले रोप सर्वांत उत्तम. बियांची उगवणशक्ती फार काळ टिकत नसल्याने ते काम अनुभवी रोपवाटिकेवर सोपविणे श्रेयस्कर ठरते.

रोप घेताना मधला शेंडा एकच, शाबूत व सरळ आहे ना, फांद्या खोडाच्या चहूबाजूंनी सारख्या फुटल्या आहेत ना, हे पाहावे. एकाच कुंडीत तीन-चार रोपे दाटीने लावलेली असतील तर ती घेऊ नयेत. ती दाट दिसावीत म्हणून तसे केलेले असते आणि पुढे ती एकमेकांना मारतात. फार काळ पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळे आत गोल वेढे घेतात. असे रोप मोठे झाल्यावर ते वेढेच त्याचा गळा आवळतात. म्हणून सहा फुटी, वर्षानुवर्षे कुंडीत खितपत पडलेल्या रोपापेक्षा दोन ते तीन फुटी तरणे रोप स्वस्तही पडते आणि लवकर जोमही धरते.

लागवडीची रीत

उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत खड्डा घेऊन तो तापू द्यावा. मग दोन भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत वा गांडूळ खत आणि एक भाग बारीक मुरूम वा जाड वाळू असे मिश्रण करावे. त्यात अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड मिसळल्यास वाळवी व हुमणी यांपासून संरक्षण मिळते. ताजे शेण किंवा अर्धवट कुजलेले खत कदापि घालू नये. जूनमधील एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर, शक्यतो ढगाळ दिवशी किंवा सायंकाळी रोप लावावे.

शेडनेटच्या सावलीत वाढलेले रोप एकदम उघड्यावर आणल्यास त्याची पाने करपतात. म्हणून लागवडीपूर्वी दोन आठवडे त्याला क्रमाक्रमाने उन्हाची सवय करावी. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. बाहेरील वेढे घेतलेली मुळे मात्र धारदार चाकूने उभी चिरून मोकळी करावीत. पिशवीत रोप जितके खोल होते तितकेच खड्ड्यात असावे. खोडाचा बुंधा मातीत गाडला गेल्यास तो कुजतो. खोडापासून एक वीत अंतरावर बांबू रोवून सैल सुतळीने आधार द्यावा. दोन वर्षांनी तो काढून टाकावा, अन्यथा खोड स्वतःचे बळ कमावीत नाही.

पहिली तीन वर्षे

लागवडीनंतरची पहिली तीन वर्षे जो निगा राखील, त्याला पुढील पन्नास वर्षे या झाडासाठी फारसे काही करावे लागत नाही. पावसाळा संपल्यावर आळे करावे. येथे संत्रा-मोसंबीच्या बागाइतदारांना परिचित असलेली दुहेरी आळ्याची पद्धत उपयोगी पडते. खोडालगत मातीचा लहान उंचवटा, त्याबाहेर पाण्यासाठी कंकणाकृती आळे, म्हणजे पाणी मुळांना मिळते पण खोडाला लागत नाही. हिवाळ्यात आठवड्यातून दोन वेळा आणि उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी १५ ते २० लिटर पाणी पुरेसे होते. परंतु वेळापत्रकापेक्षा मातीची साक्ष महत्त्वाची. बोट दोन इंच मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. पावसाळ्यात आळे फोडून पाण्याला वाट करून द्यावी.

फेब्रुवारीत आळ्यावर पालापाचोळा, गवत किंवा उसाचे पाचट यांचे तीन इंच जाडीचे आच्छादन घालावे. त्यामुळे माती थंड राहते व पाणी वाचते. आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पश्चिमेच्या बाजूने पोत्याचा वा नेटचा आडोसा करावा. दरवर्षी पावसाळ्याच्या प्रारंभी दहा किलो शेणखत पुरे आहे. युरियाचा मारा करून झाड लवकर उंच करण्याचा प्रयत्न केल्यास खोड लुकडे होते व वाऱ्यात टिकत नाही. शाळांच्या बाबतीत खरी अडचण उन्हाळी सुटीची असते. जुलैत उत्साहाने लावलेले रोप मे महिन्यात पाणी न मिळाल्याने जाते. म्हणून लागवडीच्या दिवशीच सुटीतील पाण्याची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरवून नोंदवहीत लिहून ठेवावे.

शेंड्याला कुऱ्हाड लावू नये

पेरू, डाळिंब किंवा मेंदीचे कुंपण छाटले की दाट फुटते. अरोकेरियाला हा न्याय लावता येत नाही. शेंडा छाटल्यास किंवा मोडल्यास झाडाचा सुबक मनोरा कायमचा बिघडतो. कधी एका शेंड्याच्या जागी दोन-तीन शेंडे फुटतात, त्यांचे सांधे कच्चे राहतात आणि वादळात तेथेच झाड चिरते. नॉरफोक पाईनची खालची फांदी एकदा वाळली की त्या जागी तशी फांदी पुन्हा येत नाही. म्हणून वाळक्या व मोडक्या फांद्या काढण्यापलीकडे या झाडाला छाटणीची गरज नाही. विजेच्या तारेखाली आलेले झाड दरवर्षी शेंडा खुडून आटोक्यात ठेवता येईल, ही समजूत चुकीची आहे. सणाच्या निमित्ताने रोषणाई करताना खोडात खिळे ठोकू नयेत व तारा आवळून बांधू नयेत. बुंध्याभोवती फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवावयाचे असल्यास चहूबाजूंनी किमान एक मीटर माती उघडी ठेवावी.

रोग व किडी

उघड्या हवेतील निरोगी झाडाला किडींचा उपद्रव बेताचाच होतो. कोरड्या, कोंदट जागी ठेवलेल्या कुंडीतील रोपांवर लाल कोळी, पिठ्या ढेकूण व खवले कीड आढळते. प्रथम पाण्याचा जोरदार फवारा मारावा. त्याने न भागल्यास पाच टक्के निंबोळी अर्क, किंवा एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचे तेल व थोडा साबण मिसळून फवारावे. मूळकुजीची शंका येताच प्रथम पाणी बंद करून निचरा सुधारावा. त्यानंतर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद व एक किलो चुना, बुंध्याभोवती ओतावे. निचरा न सुधारता केवळ औषध ओतल्याने काही साध्य होत नाही. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्यास लोहाची उणीव समजावी व शेणखतात थोडे हिराकस मिसळून द्यावे.

चूक झाल्यावर काय?

जागा चुकल्याचे लक्षात येते ते बहुधा वीस-पंचवीस वर्षांनी, जेव्हा शेंडा तारांना भिडतो किंवा बुंधा कुंपणाची भिंत फोडतो. तोपर्यंत संस्थेचे पदाधिकारी बदललेले असतात आणि झाड मात्र कायद्याच्या संरक्षणाखाली आलेले असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये नागरी हद्दीतील झाड, मग ते स्वतःच्या आवारातील असले तरी, वृक्ष अधिकारी वा वृक्ष प्राधिकरण यांच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ साली या अधिनियमात दुरुस्ती होऊन ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा देण्यात आला, तसेच तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद करण्यात आली. म्हणजे तीस वर्षांचे एक चुकीच्या जागचे झाड काढावयाचे तर तीस नव्या झाडांची जागा शोधावी लागते. ग्रामपंचायत हद्दीत वृक्षतोडीचे वेगळे नियम असल्याने तेथे तहसील वा वन कार्यालयाकडे चौकशी करावी. खड्डा घेण्याच्या दिवशी टेप लावून अंतर मोजण्याचे पाच मिनिटांचे काम केले, तर पुढचा हा सारा व्याप टळतो.

किती लावावीत?

शेवटचा प्रश्न संख्येचा. अरोकेरिया हा शोभेचा पाहुणा आहे. प्रशस्त आवारात एक, फार तर दोन झाडे उठून दिसतात. परंतु सार्वजनिक निधीतून रस्त्याकडेला त्यांच्या रांगा लावणे योग्य होणार नाही. त्याची सावली अरुंद, फळे पाखरांच्या उपयोगाची नाहीत आणि येथील कीटकसृष्टीशी त्याचे फारसे नाते नाही. ज्या इंद्रायणीकाठी चिखली वसले आहे, त्याच काठावर आळंदीचा अजानवृक्ष आणि देहूची नांदुरकी श्रद्धेने जपलेली आहेत. वड, पिंपळ, उंबर, कडुलिंब, करंज, जांभूळ ही या मातीची झाडे थोड्या निगेवर वाढतात, माणसांना सावली देतात आणि पाखरांना आसरा व खाद्य पुरवितात. वृक्षारोपणाच्या यादीत त्यांचा मान पहिला असावा आणि त्यांच्या समवेत, योग्य जागा असेल तेथे, एखादा अरोकेरिया शोभेसाठी असावा, हेच प्रमाण समतोल ठरेल.

यंदाच्या पावसाळ्यात शाळेच्या, पंचायतीच्या वा संस्थेच्या आवारात हे रोप लावण्याचा विचार असेल, तर सभासदांनी व विद्यार्थ्यांनी त्या जागी उभे राहून एकदा वर पाहावे. साठ फुटांपर्यंत आभाळ मोकळे असेल, दक्षिणेस अडथळा नसेल आणि खड्ड्यातले पाणी एका दिवसात जिरत असेल, तर ते रोप निःशंकपणे लावावे. आज त्याला पाणी घालणाऱ्या मुलांची मुले त्याच शाळेत येतील, तेव्हा ते झाड त्या आवाराची खूण बनून दुरूनही दिसत राहील.